कर्ज फेडावे, पण घर कोणत्या रीतीने जावे?

घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याबद्दल वाद नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख एक आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. नोकरी गेली, आजारपण आले, हप्ते थकले. अशा माणसाच्या गहाण घरावर धनकोचा हक्क कुठवर चालावा?

अमेरिकेत याचे उत्तर प्रत्येक राज्य वेगळे देते. हप्ते थकल्यावर १२० दिवस कारवाई सुरू करू नये, हा २०१४ पासूनचा केंद्राचा नियम आहे. पुढे राज्याचा कायदा. टेक्सासमध्ये घरखरेदीच्या कर्जासाठी धनकोला सहसा कोर्टात जावे लागत नाही. थकबाकी भरण्यास २० दिवस, लिलावाची २१ दिवसांची नोटीस, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी घर विकले जाते. न्यूयॉर्कमध्ये धनकोला न्यायाधीशापुढे दावा सिद्ध करावा लागतो. राहत्या घरासाठी तडजोडीची बैठकही होते. कर्ज तेच, अडचण तीच, पण तेथे कित्येकदा वर्षे जातात.

कोणी म्हणेल, ही दिरंगाई म्हणजे बुडव्यांचे लाड. तिचा खर्च नियमित फेडणाऱ्यांच्या व्याजावर पडतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु २०१० साली काय उघडकीस आले ते पाहावे. मोठ्या बँकांच्या वतीने माणसे कागद न वाचताच हजारो प्रतिज्ञापत्रांवर सह्या करीत होती! हे बाहेर आले ते मुख्यतः कोर्टात उलटतपासणी झाली म्हणून. २०१२ मध्ये पाच बँकांनी ४९ राज्यांशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. ऋणकोने शब्द पाळावा असे म्हणणाऱ्याने आधी आपला कागद खरा ठेवावा, एवढे तरी मागणे गैर नाही. कोर्टाची पायरी ही दया नव्हे. ती दोन्ही पक्षांना एकच माप लावणे आहे.

धनको सरकार असले तरी हेच माप हवे. मिनेसोटात एका वृद्धेचा सुमारे २,३०० डॉलर घरकर थकला. दंड-व्याजाने तो १५,००० झाला. काउंटीने घर ४०,००० ला विकून सारी रक्कम ठेवून घेतली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला: येण्यापेक्षा अधिक ठेवता येत नाही.

उलट बाजू अजून सुटलेली नाही. लिलावात कर्जाहून कमी पैसे आले तर? कॅलिफोर्नियात राहते घर घेण्यासाठीच काढलेल्या कर्जाची उरलेली रक्कम मागता येत नाही. फ्लोरिडात मात्र घर गेल्यावरही धनको ती मागू शकतो, आणि किती द्यावी ते न्यायाधीश ठरवतो.