गाणाऱ्या नटाचा मुलूख

बंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकापासून थोडं चाललं की गांधीनगर लागतं. महाराष्ट्र मंडळ याच भागात, आणि कन्नड चित्रपटांच्या निर्माते-वितरकांच्या कचेऱ्याही इथल्याच. नुसतं ‘गांधीनगर’ म्हटलं तरी कन्नड माणसाला चित्रपटाचा धंदा आठवतो. एवढा शेजार असूनही आपण मराठी मंडळी कन्नड नट डॉ. राजकुमार यांना दोनच गोष्टींनी ओळखतो: कन्नड भाषेसाठीची गोकाक चळवळ आणि चंदनतस्कर वीरप्पनने केलेलं अपहरण. ते गायक होते, आणि त्यांचं गाणं आपल्याच गोत्रातलं होतं, हे सहसा कुणाच्या गावी नसतं.

गोत्र म्हणजे नाटक कंपनीचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पुढे मराठी कंपन्यांचे दौरे हुबळी-धारवाडकडे होऊ लागले आणि त्यांच्याशी चढाओढ करत कन्नड कंपन्याही उभ्या राहिल्या. कोण कुणाचं देणं लागतो, हा हिशेब न मांडलेलाच बरा.

दक्षिणेकडे गुब्बी वीरण्णांची कंपनी होती. १९२९ साली गाजनूरला जन्मलेला मुत्तुराज वडिलांच्या मागे याच कंपनीत वाढला. शाळा लहानपणीच सुटली. पाठांतर, उच्चार आणि सूर हेच शिक्षण. कंपनीत गाता न येणारा नट म्हणजे अर्धाच नट. पण १९५४ साली ‘बेडर कण्णप्पा’मधून मुत्तुराजचे राजकुमार झाले, तोवर पार्श्वगायन पक्कं रुजलं होतं. काही अपवाद सोडले तर पुढची वीसेक वर्षं पडद्यावर ओठ त्यांचे आणि गळा पी. बी. श्रीनिवास यांचा, अशी वाटणी चालली.

१९७४ साली ‘संपत्तिगे सवाल’च्या वेळी श्रीनिवास यांची प्रकृती बरी नव्हती, असं सांगतात. संगीतकार जी. के. व्यंकटेश यांनी नायकालाच गायला उभं केलं. पडद्यावर हा नायक म्हशीवर बसलाय, आणि आवाज रस्त्यावरच्या माणसासारखा मोकळा, थोडा रांगडा. श्रीनिवास यांच्या आवाजातला मखमली गोडवा त्यात नाही, आणि नाही तेच बरं. त्यानंतर राजकुमार यांची गाणी बहुतेक राजकुमारच गात राहिले. ‘जीवन चैत्र’मधल्या गाण्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फाळके पुरस्कार त्यानंतरचा.

नेमक्या त्याच १९७४ साली हाँगकाँगमध्ये मायकेल हुईचा एक विनोदी चित्रपट आला आणि त्यातली कॅन्टनीज गाणी त्याचा भाऊ सॅम हुई याने गायली. तोही त्यात नट होता. तिथल्या पडद्यावर तेव्हा मँडरिनचा दबदबा, तरुणांच्या ओठी इंग्रजी गाणी. कॅन्टनीज म्हणजे घरातली, बाजारातली बोली. सॅम हुईने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि त्या वाटेवरून पुढे गायक-नट लेस्ली चुंग आला. १९९३ च्या ‘फेअरवेल माय कन्क्युबाइन’मध्ये त्याने ऑपेरातल्या स्त्रीपार्टी नटाची भूमिका केली. मराठी प्रेक्षकाला तिथे बालगंधर्व आठवल्यावाचून राहत नाहीत.

मोठ्या भाषेच्या सावलीत राहणाऱ्या भाषेला असा माणूस लागतो. उसन्या गळ्याने नायक देखणा होतो, पण तो आपल्यासारखा बोलतो आणि तसाच गातो, ही खात्री लोकांना उसन्या गळ्यातून मिळत नाही. त्यात राजकुमार यांनी ‘कण्णप्पा’चा तेलुगू अवतार सोडला तर दोनशेच्या वर चित्रपट केले ते कन्नडमध्येच. याच बंगळुरूत मराठी घरात वाढलेला शिवाजीराव गायकवाड बसची वाहकी सोडून मद्रासला गेला आणि तमिळांचा रजनीकांत झाला. राजकुमार मात्र हलले नाहीत. म्हणूनच १९८२ च्या गोकाक चळवळीत ते उतरले तेव्हा गर्दी लोटली.

या निष्ठेची दुसरी बाजूही आहे. कन्नडमध्ये डब केलेले चित्रपट अनेक दशकं येऊ दिले गेले नाहीत, आणि राजकुमार यांचा त्या धोरणाला पाठिंबा होता. त्याने धंदा तगला, पण प्रेक्षकाची निवड आक्रसली. १२ एप्रिल २००६ ला ते गेले तेव्हा शहरात जाळपोळ झाली, माणसं दगावली. चाहत्यांना देव म्हणणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेला हे शोभलं नाही.

आणि आपण? ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतः गायले, तो काळ १९३६ चा. मग गळा आणि चेहरा वेगळे झाले ते झालेच. अलीकडे ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी अभिनय केला, गाणंही गायलं, आणि राजकुमार यांना मिळाला होता तोच राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पण ती भूमिका गवयाची होती. शंकर महादेवन यांची ‘कट्यार काळजात घुसली’मधलीही गवयाचीच. राजकुमार शेतकरी म्हणून गायले, राजा म्हणून गायले, गुप्तहेर म्हणून चक्क इंग्रजीतही गायले. आपल्या पडद्यावर स्वतःच्या गळ्याने गायचं तर आधी खाँसाहेब व्हावं लागतं. संगीत नाटकाचा वारसा आपण मैफलीपुरता जपला आणि साध्या माणसाच्या तोंडून काढून घेतला. मराठी निर्मात्यांनी एखाद्या गाणाऱ्या नटाला तंबोऱ्याविना, कारकुनाच्या नाहीतर रिक्षावाल्याच्या भूमिकेत उभं करून बघावं.