एकच धनी

साम्यवादी राजवटीतल्या कलेचा विषय निघाला की आधी गोळ्या घातलेले लेखक आठवतात. आयझॅक बाबेल आणि दिग्दर्शक मेयरहोल्ड यांचा १९४० साली असाच शेवट झाला. तरीही सोव्हिएत रशियात बहुसंख्य कलावंतांना वाकवले ते भाकरीने, असे मला वाटते. १९३२ साली साहित्यिकांच्या साऱ्या संघटना मोडीत काढून एकच लेखक संघ उभारायचे ठरले. पुढे राहते घर, विश्रामगृह, पुस्तकाची छपाई, सगळे या संघाच्या मर्जीवर आले. १९४६ साली आना अख्मातोवा यांना संघातून काढले, तेव्हा कवितांबरोबर त्यांचे रेशनही गेले.

यावर कोणी म्हणेल, राजेरजवाडेही आश्रितांना मुठीत ठेवत आणि बाजारही न खपणाऱ्या कवीला उपाशी मारतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका दरबारातून निघालेल्या गवयाला दुसरा दरबार असे आणि एका प्रकाशकाने परत पाठवलेले हस्तलिखित दुसऱ्याकडे नेता येते. जिथे धनीच एक, तिथे त्याचा नकार म्हणजे कायमचे मौन. दोष विचारसरणीचाच असता, तर त्याच विचाराने भारलेल्या अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव हलवून सोडला नसता. तिथे तो विचार सत्तेसमोर उभा होता. मॉस्कोत तोच सत्ता झाला होता.

त्या राजवटीने कोट्यवधींना साक्षर केले, स्वस्त पुस्तके घरोघर पोचवली, शोस्ताकोविचसारखा संगीतकारही तिथेच घडला. साक्षरतेचे श्रेय तिला मोकळेपणाने द्यावे. शोस्ताकोविच यांची गोष्ट वेगळी. १९३६ साली ‘प्रावदा’ने त्यांच्या ऑपेरावर आग ओकली आणि तालमीपर्यंत आलेली चौथी सिंफनी त्यांना मागे घ्यावी लागली. ती वाजली थेट १९६१ साली. तो संगीतकार तिथे घडला, पण पंचवीस वर्षे गप्प ठेवलेल्या त्या रचनेचा हिशेब कोण देणार?

मुलाच्या अटकेनंतर अख्मातोवा ‘रेक्विएम’ रचत होत्या. घरातल्या भिंतींना कान असतील म्हणून त्या चहापाण्याच्या गप्पा मोठ्याने मारत आणि ओळी लिहिलेला कपटा मैत्रिणीपुढे सरकवत. लिदिया चुकोव्स्काया त्या ओळी पाठ करून कपटा परत देत आणि मग तो रक्षापात्रात जाळला जाई. अशी ही कविता मोजक्या माणसांच्या स्मरणात जगली, १९६३ साली म्युनिकमध्ये छापली गेली आणि तिच्या स्वतःच्या देशात आली ती १९८७ साली, कवयित्री जाऊन एकवीस वर्षे झाल्यावर.