अपात्र

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी तक्त्यात ठरलेले रकाने असतात : पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. अपात्र म्हणजे मदतीस अपात्र, एवढाच त्याचा कचेरीतला अर्थ. पण तो शब्द गावात पोचतो तेव्हा गेलेला माणूसच अपात्र ठरल्यासारखे होते. जणू तो शेतकरी नव्हता, किंवा त्याचे दुःख खरे नव्हते.

2006 च्या शासन निर्णयानुसार मदत एक लाख रुपयांची ठरली. नापिकी, कर्जफेडीची असमर्थता, वसुलीचा तगादा ही कारणे पाहायची आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय द्यायचा. आता बिनपरवाना सावकाराचे कर्ज कागदावर कुठून येणार? दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. राबणाऱ्या बाईचे तर क्वचितच असते.

त्या काळात यवतमाळची हकीकत बाहेर गेली ती बऱ्याच अंशी इंटरनेटमुळे. विदर्भ जनआंदोलन समिती मृत्यूंची माहिती ई-मेलने पत्रकारांना कळवी. पी. साईनाथ यांचे वार्तांकन देशाबाहेरही वाचले जाई. 2006 च्या जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात होते, तेव्हा यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. माहिती उघड झाली की सत्ता हलते, ही गोष्ट आम्ही कमी लेखत नाही.

पण जे परदेशात वाचता येते ते झरी-जामणीतल्या घरात पोचत नसेल, तर ते उघड झाले असे म्हणावे काय? ‘संकेतस्थळावर टाकले आहे’ हे उत्तर आता सर्रास ऐकू येते. माहिती अधिकार अधिनियम 2005 चे कलम 4 मात्र तेवढ्यावर थांबत नाही. माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारे साधन विचारात घ्या, असे ते सांगते. सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, ही सगळी साधने त्यात इंटरनेटच्या बरोबरीने मोजलेली आहेत. कोलामी, गोंडी, बंजारा बोलणाऱ्या या जिल्ह्यात ‘स्थानिक भाषा’ हा शब्द तर फारच मोठा आहे.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे, आणि आम्हाला तीच अधिक मोलाची वाटते. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवली पाहिजेत, तीही तिने न मागता. म्हणजे ‘अपात्र’ लिहिले की का लिहिले हे त्या घराला सांगणे आले. दहा रुपये भरून, अर्ज लिहवून घेऊन, तीस दिवस वाट पाहण्याची वेळ तिच्यावर यायलाच नको.

यावर खासगीपणाचा मुद्दा निघेल, आणि तो खोटा नाही. घरातले मरण चव्हाट्यावर यावे असे कोणाला वाटेल? मृताचे नाव जगाला दिसावे असा आमचा आग्रह नाही. किती प्रकरणे कोणत्या कारणाने नाकारली, एवढे लोकांना कळले तरी समितीचे काम तपासता येते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक रुंद केला आहे. त्याची ढाल पुढे करून उद्या कारणेच दडवली गेली तर नवल नाही. पण विधवा स्वतःच्या नवऱ्याच्या प्रकरणाचे कारण मागते तेव्हा ती कोणाच्या खासगीपणात शिरते?