हिंसेची मोजदाद आणि हिंसेचा अर्थ

मानवी हिंसा इतिहासक्रमात कमी होत गेली आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ वस्तुस्थितीविषयीचा आहे. मृतांची संख्या, लोकसंख्या आणि कालखंड एवढी सामग्री हाती आली की त्याचे उत्तर गणिताने देता यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कशाला हिंसा म्हणायचे, कोणाच्या मरणाची नोंद ग्राह्य धरायची आणि 'कमी' हे विशेषण कशाच्या तुलनेने लावायचे, हे निर्णय मोजदादीच्या आधीच घेतले गेलेले असतात आणि ते मूल्यात्म असतात. म्हणूनच संहितांचे वाचन हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्या अभ्यासकांचाही या प्रश्नाशी संबंध पोचतो.

हिंसा घटत आहे, या प्रमेयाची अलीकडची सर्वांत गाजलेली मांडणी स्टीव्हन पिंकर यांनी 'द बेटर एंजल्स ऑफ अवर नेचर' (२०११) या ग्रंथात केली. तिच्यामागे नॉर्बर्ट एलियस यांनी १९३९ मध्ये मांडलेला, समाज 'नागर' होत जाण्याच्या प्रक्रियेचा सिद्धांत उभा आहे. राजसत्तेने शस्त्रबळाची मक्तेदारी मिळवली, माणसांचे परस्परावलंबन वाढले आणि बाहेरून लादलेला धाक हळूहळू आत्मसंयमात रूपांतरित झाला, असे एलियस यांचे प्रतिपादन आहे. ते निराधार नाही. इंग्लंडमध्ये १३ व्या-१४ व्या शतकांत लाख लोकसंख्येमागे वर्षाला २० च्या आसपास खून होत असावेत, असा अंदाज न्यायालयीन दप्तरांवरून बांधला गेला आहे. २० व्या शतकात हे प्रमाण एकच्या आसपास आले. तपशिलांविषयी वाद असले, तरी ही घट नाकारण्याचे कारण नाही.

अडचण उद्भवते ती एका प्रदेशातील खुनांच्या दप्तरावरून समग्र मानवजातीच्या इतिहासाकडे झेप घेताना. लोकसंख्येच्या प्रमाणात महासंहारांची क्रमवारी लावणारे एक कोष्टक पिंकर देतात. त्यात दुसरे महायुद्ध नवव्या स्थानावर जाते आणि पहिल्या स्थानी येते ते ८ व्या शतकात चीनच्या तांग साम्राज्यात झालेले आन लुशानचे बंड. त्यातील मृत्यू ३ कोटी ६० लाख धरलेले असून २० व्या शतकाच्या मध्यावरील लोकसंख्येच्या हिशेबाने ते ४२ कोटी ९० लाख भरतात. मूळ आकडा म्हणजे एक वजाबाकी आहे. इ. स. ७५५ च्या गणनेत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसे नोंदलेली होती, ७६४ च्या गणनेत सुमारे १ कोटी ६९ लाख. परंतु मधल्या काळात साम्राज्याची नोंदणीव्यवस्थाच मोडून पडली होती, काही प्रांत दरबाराच्या हाताबाहेर गेले होते आणि असंख्य कुटुंबे परागंदा झाली होती. नोंदवहीतून गळालेला प्रत्येक माणूस मेला, असे मानले तरच ही वजाबाकी संहाराचा आकडा ठरते. येथे दप्तराचे मौन मृत्यू म्हणून वाचले गेले आहे. अन्य अनेक ठिकाणी तेच मौन शांततेचा पुरावा म्हणून वाचले जाते. दोन्ही वाचने एकाच प्रकारची चूक करतात.

दुसरा मुद्दा कथनाचा आहे. इतिहासकार घटनांना कथानकाचा आकार देतो आणि त्या आकारातच त्याचा अर्थनिर्णय दडलेला असतो, हे हेडन व्हाइट यांनी 'मेटाहिस्टरी' (१९७३) मध्ये दाखवून दिले. उतरत्या आलेखालाही कथानक असते. त्याला आरंभ असतो, संघर्ष असतो आणि समेटाकडे झुकणारा शेवट असतो. व्हाइट यांच्या परिभाषेत ती सुखात्मिका होय. तिचा शेवट कोठे करायचा, हे मात्र आलेख सांगत नाही. १९४५ नंतर महासत्तांमध्ये थेट युद्ध झाले नाही, ही गोष्ट मोठी आहे. तरीही मोठी युद्धे इतक्या विरळ आणि अनियमित अंतराने होतात, की युद्धांचा कल खरोखर बदलला असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणण्यासाठी ही शांतता आणखी किमान शंभर वर्षे टिकावी लागेल, असे ॲरन क्लॉसेट यांनी २०१८ मध्ये दाखवले. पुढे इथिओपिया आणि युक्रेन येथील युद्धांमुळे २०२२ हे वर्ष, उप्साला विद्यापीठाच्या नोंदींनुसार, १९९४ च्या रवांडातील नरसंहारानंतरचे संघटित हिंसेचे सर्वाधिक प्राणघातक वर्ष ठरले. एका वर्षाने प्रमेय खोटे ठरत नाही; पण कथानक संपल्याचा समज मात्र खोटा ठरतो.

याहून मूलभूत प्रश्न 'हिंसा' या संकल्पनेच्या व्याप्तीचा आहे. योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये संरचनात्मक हिंसेची कल्पना मांडताना क्षयरोगाचे उदाहरण दिले. १८ व्या शतकात क्षयाने आलेल्या मरणाला हिंसा म्हणणे कठीण होते. उपचार उपलब्ध असताना आज येणारे तेच मरण मात्र हिंसा ठरते. मरण तेच आहे, बदलली आहे ती टाळण्याची शक्यता आणि तिच्याबरोबर येणारी जबाबदारी. म्हणजे हिंसेचा अर्थ माणसाच्या सामर्थ्याबरोबर विस्तारत जातो. भारतीय कायद्याचा प्रवासही हेच सांगतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाला हिंसेच्या व्याख्येत आणले. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन चपलांचा हार घालणे, मुंडण करणे, मिशा काढणे, सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे ही कृत्ये नावानिशी गुन्हा ठरली. अशा कायद्यांनंतर नोंदी वाढतात. ती वाढ पाहून समाज अधिक हिंसक झाला असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच आधीच्या अल्प नोंदी पाहून तो शांत होता असे म्हणणे अन्यायाचे आहे.

नोंदीबाहेरच्या या प्रदेशात साहित्याची साक्ष निर्णायक ठरते. बाबुराव बागुल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहातील आहे. तिच्यातील नायक परगावी नोकरीवर जातो, जात लपवून राहतो आणि अखेर ती उघड झाल्यावर मार खातो. मोजणाऱ्याच्या दृष्टीने येथे घडले ते एक मारहाण, तीही फिर्याद नोंदली गेली तरच. परंतु कथेचा बहुतांश भाग त्या मारहाणीच्या आधीचा आहे. खोली मिळवताना, कुणाच्या घरी जेवताना, कुणी आपुलकीने बोलत असताना सोबत असणारे भय हाच तिचा विषय आहे. तेथे कुणी हात उचललेला नाही, म्हणून आकडा शून्य राहतो. आपल्यावर पडलेल्या हातांमागे नायक मनूला पाहतो. या एका दृष्टिक्षेपात कथा व्यक्तीच्या कृत्याकडून संरचनेकडे जाते.

तथापि या युक्तिवादाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. व्याख्या सतत विस्तारत राहिली तर हिंसा कधीच कमी झाली नाही असे म्हणण्याची सोय होते, आणि ते म्हणणे गंभीर दिसत असले तरी कृतघ्नपणाचे आहे. १८२९ ची सतीबंदी आणि अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा यांमुळे कोणाचे तरी जगणे प्रत्यक्ष बदलले. बहिष्कार आणि खून यांना एकच नाव दिले, म्हणून त्यांच्यातील भेद पुसला जाऊ नये. खरे तर संकल्पनेचा विस्तार आणि विशिष्ट हिंसेची घट या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. काल रूढी म्हणून खपलेल्या कृत्याला कुणीतरी हिंसा म्हटले, म्हणूनच ते पुढे कमी होऊ शकले. घटीचा कर्ता इतिहास नव्हे; त्या कृत्याला प्रथम नाव देणारी माणसे हे तिचे कर्ते होत आणि पुष्कळदा ती माणसे स्वतः त्या हिंसेची बळी होती. उतरत्या आलेखात हा कर्ता दिसत नाही, ही त्याची खरी उणीव आहे.

प्रमाणाची भाषा हीच उणीव दुसऱ्या बाजूने दाखवते. एखाद्या माणसाच्या वाट्याला हिंसक मरण येण्याची शक्यता किती, या प्रश्नाला प्रमाण योग्य उत्तर देते. मात्र अपराधाला लोकसंख्येने भागता येत नाही. जगात माणसे वाढली म्हणून एका खुनाचे नैतिक वजन घटत नाही आणि एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या यातनेतून वजा होत नाही.

एलियस यांच्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीला आईवडिलांच्या स्मृतीस केलेली अर्पणपत्रिका आहे. वडील ब्रेस्लाऊ येथे १९४० मध्ये वारले. आई नाझींच्या छळछावणीत मारली गेली आणि तिच्या मृत्युवर्षापुढे कंसात प्रश्नचिन्ह आहे. आत्मसंयमाच्या वाढीचा सिद्धांत मांडणाऱ्या या विचारवंताने सिद्धांत मागे घेतला नाही. १९८९ च्या जर्मनांविषयीच्या ग्रंथात त्याने नागरतेच्या कोसळण्याचाही विचार त्याच चौकटीत केला. पुढे शेकडो पृष्ठांत उलगडणारी प्रक्रिया आणि आरंभीचे ते प्रश्नचिन्ह, दोन्ही त्याच ग्रंथात आहेत. हिंसेच्या इतिहासाचे वाचन करणाऱ्याला यांपैकी एकही पान वगळता येत नाही.