शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा



दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुरुग्राम ओलांडले की मानेसर लागते. मोटारींचे कारखाने आणि त्यांभोवती उठलेल्या कामगारांच्या वस्त्या यांमुळे या गावाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेथेच, अरवलीच्या पायथ्याशी, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, हे फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही. डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य घटते काय, याचा शोध येथील शास्त्रज्ञांनी चुंबकीय तंत्राने घेतला, आणि स्मृतीशी निगडित असलेल्या भागात ते घटलेले आढळते असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु आज आपणांपुढे जो प्रश्न मी मांडू इच्छितो, तो या केंद्राच्या कुंपणाबाहेरचा आहे.

त्याच मानेसरातील एखाद्या इमारतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. मुलगा कारखान्यात नोकरीला. वडील वारल्यावर त्याने आईला सातारा जिल्ह्यातून आपल्याकडे आणले. दोन वर्षांत तिचा स्मृतिभ्रंश वाढला. उतारवयात शिकलेली मोडकी हिंदी आधी गेली. राहिली ती लहानपणची मराठी. ब्युरोतून ठेवलेल्या बाईला ती ‘न्हाणी कुठाय?’ असे विचारते आणि त्या बाईला काहीच उमगत नाही. मग आरडाओरडा, मग अंथरूण ओले, मग बाई काम सोडून जाते. अखेर सुनेने आपली नोकरी सोडली. नातलग फोनवर म्हणतात, ‘मोठं पुण्य लागेल हो तुम्हांला.’ पुण्य लागेलही. पण रात्री दोन वाजता दाराची कडी काढून बाहेर निघालेल्या सासूबाईंना आत आणायला त्या नातलगांपैकी कोणीही येणार नसते.

वृद्ध आईबापांची शुश्रूषा करणे हे मुलांचे कर्तव्य आहे, याविषयी आपणांत दुमत नाही. २००७ सालच्या कायद्याने तर पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी न्यायाधिकरणाच्या कक्षेत आणली. परंतु ही शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा हे कोणाचे कर्तव्य, असा प्रश्न विचारला की आपण चाचपडू लागतो. ती एक भली गोष्ट आहे, सवड झाल्यास करावी, असे आपणांस वाटते. ते ऋण आहे, असे वाटत नाही.

हा प्रश्न आकाराने किती मोठा, तेही पाहू. दिल्लीच्या दुसऱ्या अंगाला, हरियाणातच, बल्लभगढच्या खेड्यांत पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ व्यक्तींची तपासणी करण्यात आली होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पासष्टीपुढील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा १.३६ इतकेच निघाले. हे जगातील अत्यल्प प्रमाणांपैकी एक होते. (भाषांतराचा व्यवसाय असल्यामुळे या अभ्यासातील एक गोष्ट मला फार आवडते. तपासलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते आणि मूळ इंग्रजी चाचणीत तर लिहावाचायचे होते. तेव्हा ‘एक वाक्य लिहा’ याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’ असे विचारले गेले, आणि ‘डोळे मिटा’ ही पाटी वाचायला देण्याऐवजी तपासनिसाने स्वतः डोळे मिटून दाखवले. शब्द सोडून आशय धरणे म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडणार नाही.) पुढे २०२३ साली देशव्यापी पाहणीचा अंदाज प्रसिद्ध झाला: साठीपुढील भारतीयांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून रोग इतका वाढला असे म्हणता येत नाही. तथापि ‘हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या एकत्र कुटुंबात तो नसतो’ ही समजूत आता सोडून द्यावी लागेल.

त्या समजुतीतील ‘आपले कुटुंब’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. कारण अगदी हीच भाषा बोलणारा दुसरा एक समाज आहे. अमेरिकेत राहणारे स्पॅनिश भाषेच्या वारशाचे लोक, ज्यांना तेथे हिस्पॅनिक म्हणतात, त्यांच्यात कुटुंबनिष्ठेला ‘फामिलिस्मो’ असा स्वतंत्र शब्दच आहे. आईबापांना परक्यांच्या हाती देणे ही त्यांना नामुष्की वाटते. घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, अशी रीत असते. आणि शुश्रूषेचा भार बहुधा मुलीवर किंवा सुनेवर पडतो. आपणांस हे ओळखीचे वाटत असेल. अभ्यासकांनी या निष्ठेचे पदर सोडवून पाहिले तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ‘कुटुंब माझ्या पाठीशी आहे’ ही जाणीव शुश्रूषा करणाऱ्याला सावरते. परंतु ‘हे मी केलेच पाहिजे’ एवढीच जाणीव तिला खचवू शकते. म्हणजे ज्याला आपण एकच सद्गुण समजतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी एक दुसरीवाचून घातक ठरू शकते.

या समाजासाठी तेथे निरनिराळे साहाय्य-उपक्रम आखले गेले. त्यांतील ‘रीच’ नावाच्या उपक्रमाच्या दुसऱ्या टप्प्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. मायामी, पालो आल्टो, फिलाडेल्फिया, मेम्फिस व बर्मिंगहॅम या पाच शहरांत मिळून ६४२ शुश्रूषक त्यात होते. हिस्पॅनिक, कृष्णवर्णीय व गोरे अशा तिन्ही गटांत प्रत्येकी दोनशेहून थोडे अधिक. सहा महिन्यांत १२ भेटी, त्यांपैकी ९ घरी येऊन व ३ दूरध्वनीवरून. शिवाय दूरध्वनीवरच पाच वेळा इतर शुश्रूषकांशी सामुदायिक बोलणे. हिस्पॅनिक घरांत हे सारे स्पॅनिशमधूनही होत असे. हिस्पॅनिक आणि गोऱ्या शुश्रूषकांचे जीवनमान स्पष्टपणे सुधारले. कृष्णवर्णीयांत मात्र फक्त पतिपत्नींपैकी एक जण शुश्रूषा करीत असेल तेथेच सुधारणा दिसली. एकूण पाहता, साहाय्य मिळालेल्यांत तीव्र नैराश्य शेकडा १२.६ जणांत, तर न मिळालेल्यांत २२.७ जणांत आढळले. याखेरीज कॅलिफोर्नियातील संशोधकांनी चित्रकथेच्या रूपात एक पुस्तिका काढून पाहिली. स्पॅनिश जगात ‘फोतोनोवेला’ हा छायाचित्रांतून गोष्ट सांगण्याचा प्रकार घरोघर वाचला जातो. तिच्यातून दिलेल्या सूचनांनी साध्या माहितीपत्रकापेक्षा नैराश्य अधिक कमी केले.

आता आपल्या जवळ या. गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था आणि डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह असाच एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. घरी जाणाऱ्या सल्लागार तज्ज्ञ नव्हत्या. स्थानिक भाषा येणे, बऱ्यापैकी शिक्षण आणि म्हाताऱ्या माणसांविषयी आस्था, एवढीच अपेक्षा होती. प्रशिक्षण एका आठवड्याचे. मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार होता. पंधरवड्यातून किमान एकदा त्या घरी जात: हा रोग आहे, हट्ट नव्हे, हे समजावून सांगत, अंघोळ, जेवण, रात्रीची भटकंती यांवर साधे उपाय सुचवत, गरज पडल्यास डॉक्टरांकडे धाडत, सरकारी योजनांची माहिती देत, अशाच दुसऱ्या घराशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनंतर शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्तापही घटला. रुग्ण मात्र बरे झाले नाहीत. अभ्यास चालू असतानाच १८ जणांचा अंत झाला.

याउलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसपोर्ट’ या संगणकावरील शिकवणीची भारतात १५१ शुश्रूषकांवर चाचणी घेतली गेली. तिचा वृत्तांत २०२१ चा. भार आणि नैराश्य यांत लक्षणीय फरक पडला नाही, आणि पुष्कळ जण मध्येच गळाले. मला याचे नवल वाटत नाही. ज्या बाईला डोके विंचरायला उसंत नाही, तिने पडद्यापुढे बसून धडे कधी गिरवावेत? शिकवणी वाईट होती असे नव्हे. परंतु दार वाजवून आत येणारे माणूस आणि आपण होऊन उघडायचा पडदा, यांत फार अंतर आहे.

गोव्याच्या निष्कर्षातील एक बारकावा मला विचार करायला लावतो. शुश्रूषेचा भार म्हणून जे मोजले गेले, ते तेथे निर्णायकपणे घटले नाही. काम राहिलेच, मनाला होणारा त्रास कमी झाला. मराठीत आपण ‘काळजी घेते’ म्हणतो आणि ‘काळजी वाटते’ असेही म्हणतो. दोहोंना शब्द एकच. नव्या कराराच्या ग्रीकमध्येही ‘मेरिम्नाओ’ हे क्रियापद असेच आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल जे करू नका म्हणतो, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराच्या अवयवांनी एकमेकांसाठी जे करावे म्हणतो, ते हेच एक क्रियापद. भाषांतरकार अर्थ पाहून बहुधा दोन ठिकाणी दोन शब्द योजतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मूळ एक आहे हेही खरे. काळजी घेणारा एकटा पडला की घेण्याची काळजी वाटण्याच्या काळजीत रूपांतरित होते. गोव्याच्या त्या सल्लागारांनी ही दुसरी काळजी हलकी केली.

मग प्रश्न असा, की एवढ्यावर न्याय झाला काय? हमालाच्या पाठीवरचे पोते तसेच ठेवून त्याला श्वास घेण्याची युक्ती शिकवली, तर तो अधिक दूर चालेल, हे खरे. पण पोते उतरवून घेण्यास कोणी पुढे आले का? असे उपक्रम स्वस्त पडतात, म्हणून शासनांना आणि संस्थांना आवडतात. त्यात घरच्या बाईचे बिनपगारी श्रम गृहीत धरलेले असतात. ‘भारतीय कुटुंब वृद्धांना सांभाळते’ हे वाक्य भाषणात ऐकले की, ‘कुटुंबातील कोण?’ असे विचारावेसे वाटते. साहाय्य-उपक्रमांची तुलना करताना मी म्हणून दोन मापे वापरीन. त्याने शुश्रूषा करणारीचे मन सावरले का, हे पहिले. तिचे काही तास तिला परत दिले का, हे दुसरे. आणि या दुसऱ्या मापाला वर सांगितलेले उपक्रम फारसे उतरत नाहीत. १९९२ साली केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाने दिवसा रुग्णांना सांभाळणारी केंद्रे चालवली, ती याच कारणासाठी. ती केंद्रे देशाच्या मानाने मूठभर आहेत.

येथे कोणी वाचक तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय माझ्यापुढे ठेवील. आपल्या घरच्यांची तरतूद आधी घरच्यांनी करावी, मंडळीवर भार पडू नये, असे तेथे स्पष्ट आहे. आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊ नये. परंतु त्याच अध्यायात मंडळीने विधवांची यादी ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे घर आणि मंडळी यांच्यात कामाची वाटणी चालू होती, मंडळीने हात झटकले नव्हते. आणखी एक बाब. सोळाव्या वचनात हा भार कोणी उचलावा? उत्तरकालीन अनेक हस्तलिखितांत ‘विश्वासी पुरुष किंवा स्त्री’ असे आहे. अधिक प्राचीन मानल्या जाणाऱ्या पाठात केवळ ‘विश्वासी स्त्री’ आहे. भार तेव्हाही कोणाकडे होता, ते यावरून कळते. तेथील ‘भार’ या क्रियापदाचे मूळ आणि गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात जी ओझी एकमेकांनी वाहायची त्या शब्दाचे मूळ एकच आहे. तीन वचनांनंतर मात्र पौल प्रत्येकाने आपले ओझे स्वतः वाहावे असे म्हणतो, आणि तेथे दुसरा शब्द वापरतो, ज्याचा अर्थ माणसाने आपापले न्यायचे गाठोडे. सासूबाईंवर माया करणे, त्यांच्या विस्मृतीचे दुःख सोसणे, हे सुनेचे आणि मुलाचे गाठोडे. ते दुसऱ्याला घेता येत नाही. रात्रीचे जागरण, अंघोळ घालणे, बँकेत जायला घराबाहेर पडता न येणे, ही ओझी. ती घेता येतात.

आपल्या मंडळ्यांपाशी यासाठी एक अशी शक्ती आहे, जी फार थोड्या समाजांपाशी असेल. मिरजेच्या वॉनलेस रुग्णालयात, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) बूथ रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या परिचारिका आपल्या नात्यागोत्यात आहेत. त्यांपैकी कित्येक आज निवृत्त आहेत, आणि कित्येक मुलांच्या नोकरीमागे पुण्याला, ठाण्याला, दिल्लीच्या परिसरात जाऊन राहिल्या आहेत. गोव्यात एका आठवड्यात जे शिकवावे लागले, त्यातील पुष्कळसे यांना येते. आणि ‘न्हाणी’ म्हणजे काय, हे यांना सांगावे लागत नाही. नगरच्या खेड्यातील घर असो की मानेसरातील सातव्या मजल्यावरचे, पंधरवड्यातून एक दुपार अशा दोघी जणी गेल्या, एकीने आजींपाशी बसून त्यांच्या माहेरच्या गोष्टी काढल्या, दुसरीने सुनेला औषधांचे आणि अंथरुणाचे चार बारकावे दाखवले, तर त्यासाठी ना इमारत लागेल ना निधी. प्रवासखर्च मात्र मंडळीने द्यावा. निवृत्त माणसाच्या खिशावर सेवा चालवणे बरे नव्हे. आणि मोकळ्या झालेल्या त्या दोन तासांचे सुनेने काय करावे, हे पाळकांनी किंवा महिला मंडळाने ठरवू नये. तिला बाजारात जायचे असेल, आईला फोन करायचा असेल. आणि शेजारच्या खोलीत जाऊन ती नुसती झोपली, तर तिला उठवू नये.