पळणं कुणाचं, आकडा कुणाचा?

मुलाने नियमित पळावं म्हणून त्याला ध्येय ठरवून द्यावं का? आठवड्याला दहा किलोमीटर, महिनाअखेरीस एक किलोमीटर सहा मिनिटांच्या आत, जमलं तर नवे बूट. यात वावगं काय, असं कुणालाही वाटेल. पोरगं तासभर मोबाईलपासून लांब राहतं, पोटभर जेवतं, वेळेवर झोपतं. तरी या व्यवहारात एक प्रश्न दडलाय आणि तो व्यायामाचा नाही. दुसऱ्याच्या शरीराने काय गाठायचं, हे ठरवायचा अधिकार आपल्याला कितपत असतो? तो दुसरा आपलंच मूल असेल तर तो अधिकार वाढतो, की नुसती जबाबदारी वाढते?

शिरूर-दौंडकडे पळण्याला आधीपासूनच एक ठरलेला अर्थ आहे: भरती. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्यामुळे वर्दी इथल्या पोरांनी लहानपणापासून जवळून पाहिलेली असते. पहाटे अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर घोळक्याने पळणारी मुलं-मुली दिसली की विचारायची गरज पडत नाही. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, राखीव दलासाठी ५ किलोमीटर. तिथे सेकंदाला गुण आहेत आणि गुणांना नोकरी आहे. या धावण्याला मी नावं ठेवणार नाही. आकडा सरकारने ठरवलेला असला तरी तो उचलला त्या पोराने स्वतः, विशीत, डोळे उघडे ठेवून. पण त्या आकड्याला मुदत असते. यादी लागते, कुणी आत जातं, कुणाचं वय निघून जातं, आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचे बूट त्यानंतर माळ्यावर गेले. ज्यासाठी पळत होते ते मिळालं किंवा संपलं. पळणं त्यांच्याकडे राहिलं नाही.

विशीतल्या पोराचं हे गणित नऊ वर्षांच्या पोराला लावलं की काय होतं? माझा भाचा शिरूरला असतो. दाजींनी त्याला हौसेने मनगटावर घड्याळ बांधलं, आठवड्याचं टार्गेट दिलं. पोरगं जोरात पळायला लागलं, घरात कौतुक झालं. एकदा मी गेलो होतो तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन तो थांबला. "मामा, घड्याळ चार्जिंगला राहिलं. आजचं धरलं जाणार नाही. जाऊ दे ना, परत जाऊ."

धरलं जाणार नाही म्हणजे झालंच नाही. पाय त्याचे, दम त्याचा, घाम त्याचा, पण पळणं झालं की नाही हे ठरवणार घड्याळ. दाजींची इच्छा चांगलीच होती, तरी पोरापर्यंत पोचलं ते हे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. किती तिकिटं बंद केली यावर माणूस मोजायला लागलात, की एका तिकिटाची तीन होतात. मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, असा एक नियमच आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल मांडलेल्या विचारातून तो आला. आणि आपण ज्या आकड्यांपुढे मान तुकवतो ते तरी कुठून येतात? रोज १०,००० पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता. विक्रीसाठी ठेवलेलं नाव जगभर आरोग्याचा नियम होऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती खो-खोत होते, विहिरीत पोहण्यात होते, शिवणापाणीतही होते. तब्येतीसाठी किलोमीटरचा हिशोब लागतच नाही.

बक्षिसाचंही तसंच. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलं मुळात चित्रं आवडीने काढणारी. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल, आणि दिलं. काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांपेक्षा बरीच कमी चित्रं काढत होती. खेळाचं काम झालं होतं. ज्याला मुळात पळायचा कंटाळा आहे, त्याला सुरुवातीला बक्षिसाने ढकलता येईलही. पण जे पोरगं दुकानात पाठवलं तरी पळतच जातं, त्याला पळण्याचे पैसे कशाला द्यायचे?

यावर लोक म्हणतात, "त्याला आवडतंच की!" हे वाक्य जपून वापरावं. २००६ च्या मे महिन्यात ओडिशातला बुधिया सिंग पुरी आणि भुवनेश्वर यांच्यामधलं ६५ किलोमीटर अंतर सात तासांत पळाला. वय जेमतेम चार. देशभर टाळ्या वाजल्या, मग डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली आणि सरकारने त्याच्या लांब पळण्यावर बंदी आणली. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला गरिबीतून उचलून जेवूखाऊ घातलं होतं, हेही खरं. पोराला आवडत होतं, असंही सांगितलं गेलं. आवडत असेलही. पण जो जेवण देतो, शाबासकी देतो, त्याला आवडतं तेच लहान मुलाला आवडतं. त्याच्या आवडीला संमती म्हणता येत नाही. आपल्या घरातला आकडा ६५ नसतो, एकदोन किलोमीटरचा असतो. म्हणून धोका लहान होतो. प्रश्न मात्र तोच राहतो.

मग मुलाला काही लावूच नये का? असं मी म्हणत नाही. दात घासायला आपण लावतोच, पाढे पाठ करून घेतोच. ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं की माणूस चांगली कृत्यं करत करतच चांगला होतो, सवय आधी येते आणि समज मागून. पण दात घासण्याची सवय लावताना 'कालपेक्षा चार सेकंद लवकर' असं कुणी म्हणत नाही. नियम लावणं वेगळं, विक्रम मागणं वेगळं. संध्याकाळी बाहेर पडायचं, हा नियम. किती आणि केवढ्या वेळात, हे विक्रमाकडे जातं. पहिलं लावायचा हक्क आईबापाला आहे. दुसरं मुलाने मागितलं तरच द्यावं.

मोजणं मुळातच वाईट, असंही नाही. तालमीत जोर-बैठकांचा आकडा असतोच. पण तो मोजतो पठ्ठ्या स्वतः, तोंडाने, आणि कपडे बदलेपर्यंत विसरून जातो. तो कुणाला पाठवायचा नसतो.

ध्येय असूनही आकडा नसणं कसं असतं, हे दौंड तालुका दरवर्षी बघतो. तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड करत पुढे जाते. ठिकाण ठरलेलं, तारीख ठरलेली, चालणं आठवड्यांचं. तरी यवतपर्यंत किती तासांत आलात, असं वारकऱ्याला कुणी विचारत नाही. थकलेला बसतो, पाणी पितो, मागच्या दिंडीबरोबर निघतो. त्याचं चालणं त्यामुळे कमी धरलं जात नाही. गावातली पोरं वेशीपर्यंत सोबत जातात आणि परत फिरतात, त्यांनाही कुणी 'अर्ध्यात सोडलं' म्हणत नाही.

आता मोठ्यांच्या बाजूचं. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. लहानपणी सहाएक किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. पुढे सैन्यात गेला, तिथे शर्यतीत उतरला आणि २०२२ च्या बर्मिंगहम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकला. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदाने. ही गोष्ट पोरांना सांगताना आपण 'बघ, तो किती पळायचा' एवढंच सांगतो. तो पळायचा कारण शाळा लांब होती. शाळेच्या त्या वाटेला टार्गेट नव्हतं, आणि गाडीची सोयही नव्हती. पहिल्या गोष्टीतून शिकावं, दुसरीचं कौतुक करू नये.

कारण इथल्या रस्त्यांचं काय आहे? हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रांजणगाव एमआयडीसीच्या पाळ्या सुटल्या की बस आणि दुचाकींची गर्दी. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती, त्यामुळे अंधार पडायच्या आत पोरं घरात. अशा ठिकाणी 'रोज दोन किलोमीटर पळ' हे सांगणं सोपं आहे, कारण ते फुकट आहे. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवायला मुख्याध्यापकांना भेटावं लागतं, रस्त्याला दिवे लावून घ्यायला ग्रामसभेत उभं राहावं लागतं, पोराबरोबर जायला स्वतःचा अर्धा तास लागतो. आकडा दिला की हे सगळं वाचतं, आणि ते न केल्याचं ओझं नऊ वर्षांच्या पायांवर जातं.

ध्येय द्यायचंच असेल तर माझ्या मते एक कसोटी पुरते. 'आज नको' असं मूल म्हणालं, तर घरात काय बदलतं? आवाज बदलतो का, जेवताना विषय निघतो का, भावाशी तुलना होते का? काहीच बदलत नसेल, तर ते ध्येय मुलाचं आहे, खुशाल असू द्या. बदलत असेल, तर ते आपलं आहे. मग बूट आपण घालावेत, मुलाला सोबत बोलवावं, आणि तो मध्येच चिंचा पाडायला थांबला तर थांबू द्यावं.