शेपटीचं चाक

पेनसिल्व्हेनियातल्या एका हौशी वैमानिकाला आपल्या लँडिंगचा भारी अभिमान होता. खासगी वैमानिकाचं लायसन्स जुनं, सेस्ना १७२ घरचं, आणि शेजारी बसलेले मित्र उतरताना न चुकता वाहवा करायचे. कटकट एकच, टायर फार लवकर झिजत. त्यावर त्याने उपायही केला होता. टायरची कंपनी बदलली. दोनदा.

पुढे त्याला पायपर कबचं वेड लागलं. पिवळंधमक, ६५ अश्वशक्तीचं, पंखा हाताने फिरवून चालू करायचं विमान. त्याच राज्यातल्या लॉक हेवन गावात १९४७ पर्यंत अशी हजारो बनली. सेस्नासारखं कबला नाकाखाली चाक नसतं, शेपटीखाली असतं. अमेरिकेत १९९१ पासून नियम आहे की, लायसन्स असलं तरी अशा विमानाची सूत्रं हाती घेण्याआधी ते रीतसर शिकायचं आणि शिक्षकाची सही लॉगबुकात घ्यायची. आधीपासून उडवत असलेल्यांना यातून सूट मिळाली. त्याला शिकवणाऱ्या बाई त्या सूटवाल्यांपैकी.

पहिल्या दिवशी बाईंनी विमान जमिनीवरून उचलूच दिलं नाही. गवतावर नुसतं नागमोडी चालवायला लावलं. शेपूट खाली म्हणून नाक वर, त्यात कब एकट्याने उडवायचं ते मागच्या सीटवरून, त्यामुळे शिकणाराही मागेच. समोर बाईंची पाठ. धावपट्टी दिसली तर दोन्ही कडांनी. ब्रेक टाचेने दाबायचे.

"मला लायसन्स आहे हो," तो वैतागून म्हणाला.

"म्हणून तर जरा वेळ लागतोय," बाई म्हणाल्या.

काही दिवसांनी त्याने कब असं अलगद उतरवलं की तिन्ही चाकं एकदमच गवताला लागली. खूश होऊन त्याने पाय सैल सोडले. शेपूट डावीकडे सरकलं, मग थांबेचना. बाईंनी शेपटीच्या सुकाणूचं, म्हणजे रडरचं, पेडल दाबेपर्यंत विमान गिरकी घेऊन आल्या वाटेकडे तोंड करून उभं. मोडलं काही नाही.

"वाऱ्याचा झोत आला," तो म्हणाला.

बाईंनी वारा दाखवणाऱ्या कापडी विंडसॉककडे बोट दाखवलं. तो लुळा लटकत होता.

"तुम्ही जरा वाकडे टेकलात. सेस्नातही असेच टेकत असणार. तिथे वजन मुख्य चाकांच्या पुढे, ते विमानाला ओढून सरळ करतं. इथे वजन मागे. हातगाडी ओढली की निमूट मागे येते, ढकलली की तोंड फिरवते, तसं. सेस्ना तुमची चूक निस्तरत होतं, बोलत नव्हतं, इतकंच."

त्याला टायर आठवले. पण आठवले एवढंच. कबूल करायला आणखी आठवडा गेला. चांगल्या शिक्षकाला हे ठाऊक असतं. बाईंनी विषय पुन्हा काढला नाही, फक्त रोज उतरायला लावलं. त्याचे पाय रडरवर सतत बारीक बारीक हलायला लागले, तेव्हा एका दुपारी न बोलता सही केली.

पुढच्या रविवारी मित्राला घेऊन तो सेस्नातून फिरून आला. चाकं टेकताना बारीकसा आडवा हिसका बसला.

"वा! काय लँडिंग!" मित्र म्हणाला.

उत्तर न देता त्याने पॉवर दिली आणि पुन्हा वर उठला. दुसऱ्या खेपेला हिसका बसला नाही. विमान हळू होत धावपट्टीवरून बाहेर वळलं, तरी त्याचे पाय चालूच.

मित्राने पट्टा सोडायला हात घातला. "उतरलो ना आपण?"

"थांब जरा," तो समोर बघत म्हणाला, "अजून नाही."